खानदेशच्या थंडीत गोबर गॅस का मंदावतो?

देवपूर (धुळे) : खानदेश म्हटले की उन्हाळाच आठवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की राज्यभरातील वृत्तपत्रांत त्याची बातमी होते. याच खानदेशात डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील वेधशाळेत किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. त्या दिवसांत शेकोट्यांची छायाचित्रे छापून येतात, केळीच्या बागांना बसलेल्या फटक्याची चर्चा होते. गोठ्यामागच्या गोबर गॅसचे काय झाले, याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही.

पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपूर हे आता महाविद्यालये आणि वसाहतींनी गजबजलेले उपनगर. आग्रा रोडने ते ओलांडून पुढे गेले की शेतशिवार, गोठे आणि उकिरडे लागतात. अशा शिवारांत गोबर गॅस बांधलेल्या घरांची हिवाळ्यातील तक्रार सहसा एकाच प्रकारची असते. शेण तेवढेच, पाणी तेवढेच, तरी सकाळचा चहा आणि भाकरी होईपर्यंत शेगडी मंदावते. मग चुलीत पुन्हा पऱ्हाटी जाते. वांग्याच्या भरितासाठी पऱ्हाटीचा जाळ लागतोच, गोबर गॅसवर भाजलेल्या वांग्याला खानदेशात कोणी भरीत म्हणणार नाही. रोजच्या भाकरीसाठी पुन्हा धूर गिळावा लागणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. सोय हुकते ती नेमकी गरज सर्वाधिक असते त्या महिन्यांत, आणि ती हुकल्याचा भार पडतो घरातील बाईवर.

या तक्रारीमागे निकृष्ट बांधकाम असू शकते, देखभालीतील हयगयही असू शकते. तथापि एक कारण असे आहे की जे चांगल्या बांधलेल्या आणि नीट सांभाळलेल्या संयंत्रालाही चुकत नाही. ते म्हणजे तापमान. हे कारण शास्त्रज्ञांना नवे नाही. सरकारी आखणीत ते गृहीतही धरलेले आहे. मात्र ज्या रीतीने धरले आहे, त्यात खानदेशचा हिवाळा हरवून जातो.

हा विषय चार-दोन गावांपुरता नाही. देशात आजवर ५० लाखांहून अधिक घरगुती बायोगॅस संयंत्रे उभारली गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. त्यांत महाराष्ट्राचा वाटा नऊ लाखांच्या घरात असून तो सर्व राज्यांत मोठा आहे. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकाचे मुख्य इंधन म्हणून बायोगॅस सांगणारी कुटुंबे देशात जेमतेम १० लाख, म्हणजे एकूण कुटुंबांच्या ०.४ टक्के होती. अर्थात, हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. जुनी संयंत्रे मोडीत निघतात, आणि गॅस पूरक म्हणून वापरणाऱ्यांची गणना जनगणनेत होत नाही. पण बांधलेले आणि मुख्य इंधन म्हणून वापरात असलेले यांतील अंतर इतके मोठे आहे की त्याचा जाब केवळ शेतकऱ्याच्या आळसाला विचारून भागणार नाही.

शेणातून गॅस निघतो तो जिवाणूंच्या दोन पाळ्यांतून. हवा नसलेल्या खड्ड्यात पहिल्या पाळीचे जिवाणू शेणातील पदार्थ फोडून त्यांची आम्ले बनवितात. दुसऱ्या पाळीचे जिवाणू मुख्यतः त्या आम्लांपासून मिथेन तयार करतात. पहिली फळी दणकट, दुसरी नाजूक आणि संथ. या नाजूक फळीला ३५ अंशांच्या आसपासची ऊब सर्वांत मानवते. तापमान २० अंशांच्या खाली जाऊ लागले की तिचे काम झपाट्याने मंदावते आणि १० अंशांच्या खाली ते जवळपास थांबते. मधल्या पट्ट्यात दर १० अंशांच्या घसरणीला वेग साधारण निम्मा होतो, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. ५५ अंशांच्या आसपास जगणारी जिवाणूंची आणखी एक जमात आहे आणि ती अधिक वेगाने काम करते. मात्र ती मोठ्या, तापविलेल्या संयंत्रांच्या उपयोगाची. घरगुती खड्ड्यात तिचे काम नाही.

वेग निम्मा होणे म्हणजे शेणातील गॅस निम्मा होणे नव्हे. शेणात दडलेला गॅस तेवढाच असतो, तो बाहेर पडायला अधिक दिवस लागतात, इतकेच. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो, असे गणित सर्वत्र सांगितले जाते. त्यात शेणकाला पुरेसे दिवस पुरेशा उबेत राहील, हे गृहीत असते. दिवस कमी पडले तर न पचलेले शेण आउटलेटमधून तसेच बाहेर पडते आणि त्याच्याबरोबर शेगडीपर्यंत न पोहोचलेला गॅसही.

याच ठिकाणी एक घातक समजूत आडवी येते. गॅस कमी झाला की शेण वाढवायचे, असा सरसकट उपाय केला जातो. वरवर तो तर्काला धरून वाटतो, प्रत्यक्षात तो उलटा पडतो. रोज अधिक शेणकाला ओतला की खड्ड्यातील जुना तितक्याच लवकर बाहेर ढकलला जातो. आधीच संथ झालेल्या मिथेनच्या जिवाणूंना मिळणारे दिवस आणखी घटतात. पहिल्या फळीचे जिवाणू थंडीतही त्यांच्या मानाने बरे काम करीत असल्याने आम्ल साचते, आणि आंबट झालेल्या खड्ड्यात उरलासुरला गॅसही बसतो. ‘प्लांट बिघडला’ असे म्हणून कायमचा बंद केलेला खड्डा पुष्कळदा बिघडलेला नसतो, त्याला अजीर्ण झालेले असते.

३० दिवसांची रेघ

शेणकाला खड्ड्यात किती दिवस राहिला पाहिजे, यासाठी केंद्र सरकारच्या बायोगॅस कार्यक्रमात देशाचे तापमानानुसार तीन विभाग करण्यात आले. जेथे सरासरी तापमान २० अंशांच्या वर राहते त्या पहिल्या विभागाला ३० दिवस, १५ ते २० अंशांच्या दुसऱ्या विभागाला ४० दिवस आणि त्याहून थंड डोंगराळ भागाला ५५ दिवस. विभागणी राज्यवार आहे. महाराष्ट्र पहिल्या विभागात, केरळ, गोवा, कर्नाटक आणि तामिळनाडूच्या पंगतीत बसला. शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश दुसऱ्या, ४० दिवसांच्या विभागात गेले.

नकाशा पुढे ठेवला की यातील गंमत लक्षात येते. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. सुरत रस्त्याने नवापूरच्या पुढे गुजरात. सीमेच्या पलीकडे ४० दिवस आणि अलीकडे ३०. थंडीला मात्र राज्याची सीमा कळत नाही. सातपुड्याकडून येणारे कोरडे वारे शिरपूर, चोपडा, रावेरला जसे झोंबतात तसे रत्नागिरीला झोंबत नाहीत, तरीही रत्नागिरी आणि रावेर यांना माप एकच.

धुळ्यातील जानेवारीचे साधारण कमाल तापमान २८ ते ३० अंश आणि किमान १० ते १२ अंश धरले, तर दिवस-रात्रीची सरासरी येते २० अंशांच्या आसपास. म्हणजे ज्या रेषेवर पहिला आणि दुसरा विभाग वेगळे होतात, नेमक्या त्या रेषेवर. थंडीच्या लाटेचे आठ-दहा दिवस आले की ती ओलांडलीच म्हणायची. वार्षिक सरासरी मात्र २७ अंशांच्या घरात भरते, कारण मे महिन्याची काहिली जानेवारीची तूट भरून काढते. ही भरपाई कागदावरची. मे महिन्याच्या उन्हावर जानेवारीतील शेगडी पेटत नाही.

येथे जमिनीच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. खड्ड्यातील शेणकाल्याचे तापमान कधीच पाच-सहा अंशांवर जात नाही. रात्री-दिवसाचा चढउतार जमिनीत अर्ध्या-एक मीटरपर्यंतच पोहोचतो. दोन-तीन मीटर खोल माती वर्षभराच्या सरासरीच्या जवळपास राहते. त्यामुळे पूर्णपणे जमिनीत गाडलेल्या पक्क्या घुमटाच्या संयंत्राला एका रात्रीच्या कडाक्याने फारसे काही होत नाही. दोन महिन्यांचा हिवाळा मात्र हळूहळू खाली झिरपतो, आणि रोज ओतल्या जाणाऱ्या गार पाण्यातून तो थेट आत जातो. तरंगत्या लोखंडी टाकीचे दुखणे वेगळे. लोखंड उष्णता धरून ठेवीत नाही, त्यामुळे उघड्या आभाळाखालची टाकी रात्रभर ऊब बाहेर टाकीत बसते.

लोखंडी टाकीचा हा दोष मुंबईत कधी जाणवला नसता. हे म्हणण्याचे कारण असे की या तंत्राची महाराष्ट्रातील सुरुवात समुद्रकाठची आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार करून त्यावर दिवे लावले गेले, ही नोंद देशातील बायोगॅसच्या इतिहासात सर्वत्र आढळते. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते हाती घेतले आणि देशभर नेले. आयोगाचे मुख्यालय मुंबईतच. जेथे जानेवारीतही पारा क्वचितच १५ अंशांखाली उतरतो, तेथे लोखंडी टाकीने कुरकुर करण्याचे कारण नव्हते. जमिनीत गाडलेला घुमट आला तो उत्तरेतून. उत्तर प्रदेशातील अजितमल येथील केंद्रात १९७८ मध्ये ‘जनता’ संयंत्र विकसित झाले आणि १९८४ मध्ये ॲफप्रो या संस्थेने त्याचे सुटसुटीत रूप ‘दीनबंधू’ या नावाने आणले. लोखंडाचा खर्च वाचविणे हा त्यामागील मोठा हेतू होता, ऊब टिकणे हा वरचा नफा. खानदेशात मात्र या घुमटाची गाठ काळ्या मातीशी पडते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी तापीखोऱ्यातील जमीन कच्च्या पायावरचा घुमट तडकवते, आणि तडकलेल्या घुमटातून गॅस गेला तर खापर फुटते ते थंडीवर.

ऊन आहे तेव्हा पाणी नाही

मग उन्हाळ्यात तरी सुकाळ असावा. मे महिन्यात धुळ्याची कमाल-किमान सरासरी ३४ अंशांच्या आसपास जाते, म्हणजे मिथेनच्या जिवाणूंना हवी तशी ऊब फुकटात मिळते. येथे खानदेशची दुसरी अडचण उभी राहते. गोबर गॅसला जेवढे शेण तेवढेच पाणी लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी. एप्रिल-मे मध्ये पांझरेचे पात्र कोरडे, विहिरी तळाला गेलेल्या आणि पिण्याच्या पाण्याची वाट पाहणे चाललेले. अशा वेळी ५० लिटर पाणी शेणात कालविणे घरातल्या बाईला परवडत नाही. उन्हाच्या तडाख्याने जनावर कमी खाते, चाराही आटलेला असतो, त्यामुळे शेणही घटते. उलट खरिपाच्या काढणीनंतर कडबा असतो, विहिरीला पाणी असते, गोठा भरलेला असतो, तेव्हा ऊब नसते. शेण-पाणी एका ऋतूत आणि ऊब दुसऱ्या ऋतूत, असा हा प्रदेश आहे. त्याला केरळचे माप लावल्यावर ते बसणार कसे?

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. पहिला आकाराचा. रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी, म्हणजे १०० लिटर शेणकाला. ३० दिवसांसाठी खड्डा लागतो तीन हजार लिटरचा, ४० दिवसांसाठी चार हजारांचा. एक तृतीयांश वाढ, आणि तेवढा वाढीव खर्च. हा खर्च नको असेल तर जुन्याच खड्ड्यात डिसेंबर ते फेब्रुवारी ५० ऐवजी ३७-३८ किलो शेण टाकले की तेच ४० दिवस मिळतात. शेण कमी करून गॅस टिकवायचा, ही गोष्ट शेतकऱ्याला पटवून देणे अवघड. मात्र तिच्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

दुसरा उपाय पाण्याचा. ताजे शेण जनावराच्या अंगची ऊब घेऊन येते. ते सकाळपर्यंत उघड्यावर निवू देऊन त्यात रात्रभर गारठलेल्या टाकीचे पाणी मिसळले तर ती ऊब जाते. खानदेशच्या हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते. काळ्या रंगाचे पिंप उन्हात ठेवून त्यातील कोमट पाण्यात ताजे शेण दुपारी कालविले तर फरक पडतो. एका दिवसात नव्हे, कारण तीन हजार लिटरच्या खड्ड्यात शंभर लिटर म्हणजे केवळ तिसावा हिस्सा. पण रोजचा गारवा जसा साठत जातो तशी रोजची ऊबही साठते. पिंप नसेल तर विहिरीचे ताजे उपसलेले पाणी चालते, हिवाळ्यात ते टाकीतील पाण्यापेक्षा उबदार असते. उकळते पाणी मात्र ओतू नये, त्याने जिवाणू मरतात. घुमटावर कडबा, पाचट, वाळलेली केळीची पाने किंवा कंपोस्टचा जाड थर देणे हाही जुनाच मार्ग.

आणखी एक बाब क्षुल्लक वाटते, पण नेहमी विसरली जाते. गॅसमधील वाफ थंडीत नळीतच गोठून तिचे पाणी होते. नळीच्या खोलगट भागात ते साचले की गॅस अडतो आणि शेगडी फुरफुरते. खड्डा निर्दोष असतो, नळीतील पाणी सोडले की काम भागते. शिवाय गॅस थंड झाला की आकुंचन पावतो. ३० अंशांवरून १० अंशांवर आला तर त्याचे आकारमान सुमारे सात टक्के घटते. सकाळी टाकी बसलेली दिसते त्यात एवढा वाटा नुसत्या गारव्याचा.

ज्यांच्याकडे आपल्याहून कडक हिवाळा आहे त्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. उत्तर चीनमध्ये गॅसचा खड्डा, डुकरांचा गोठा, शौचालय आणि भाजीपाल्याचे प्लॅस्टिकचे हरितगृह एकाच छपराखाली घेण्याची पद्धत रुजविण्यात आली. हरितगृहातील ऊब खड्ड्याला मिळते आणि खड्ड्यातील स्लरी भाजीला. जर्मनीतील संयंत्रे थेट तापविली जातात. गॅसवर वीजनिर्मितीचे इंजिन चालते आणि त्याची वाया जाणारी उष्णता टाकीभोवती फिरविली जाते. घरगुती संयंत्रात हे शक्य नाही. तरी हिशेब करून पाहावा. १०० किलो शेणकाला १५ अंशांनी तापवायला सव्वासहा मेगाज्यूल उष्णता लागते, आणि त्याच शेणापासून मिळणाऱ्या दोन घनमीटर गॅसमध्ये ४० मेगाज्यूलच्या आसपास असते. गॅस जाळून खड्डा तापवायचा तर वाया जाणारी उष्णता धरून पाचवा हिस्सा त्यातच जाईल. हे काम उन्हाकडून करून घेणे शहाणपणाचे, आणि ऊन खानदेशात उदंड आहे.

या सर्वांचा धोरणाशी संबंध असा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०२१-२२ ते २०२५-२६ या पहिल्या टप्प्यासाठी ८५८ कोटी रुपयांची तरतूद ठरली, त्यांतील १०० कोटी बायोगॅसच्या वाट्याला. मोठ्या प्रकल्पांचे वारे त्याआधीच वाहू लागले होते. २०१८ मध्ये ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजना आल्या. शहरी गॅसपुरवठ्यात संपीडित बायोगॅस मिसळणे २०२५-२६ पासून बंधनकारक झाले. प्रारंभी एक टक्का, २०२८-२९ मध्ये पाच टक्के, अशी ती चढती भाजणी आहे. मोठ्या प्रकल्पांत टाकी तापविण्याची सोय करता येते, तेथे हिवाळा हा खर्चाचा एक रकाना ठरतो. चार-पाच जनावरांच्या गोठ्यात मात्र तो रकाना भरायला कोणी नसते. घरगुती संयंत्राचे अनुदान ठरते ते त्याच्या आकारमानावरून आणि लाभार्थी व राज्याच्या वर्गावरून. जानेवारीत ते किती गॅस देते यावरून नव्हे.

दोन घनमीटरचे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले तर महिन्याला घरगुती सिलिंडर जवळजवळ दोन वाचतात. ज्या घरात ते हिवाळ्यात अर्धेच चालते त्या घराला सिलिंडरची नोंदणी ठेवावीच लागते, नाहीतर सरपण गोळा करावे लागते. मग दोन्हींचा त्रास कशाला, असे म्हणून खड्डा बुजविला जातो. आउटलेटमधून अर्धे पचलेले शेण बाहेर पडते, त्याचा मिथेन उन्हाळा आला की उघड्यावर सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापविणारा वायू आहे. हवामानाच्या नावाने मांडलेल्या योजनेत ही गळती कोठेच मोजली जात नसेल, तर तो हिशेब अपुरा आहे.

पहिल्या टप्प्याची मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. पुढची आखणी करताना राज्यवार विभागणी सोडून जिल्हावार, आणि वार्षिक सरासरीऐवजी सर्वांत थंड महिन्याची सरासरी धरली, तर धुळे, नंदुरबार, जळगाव ४० दिवसांच्या रकान्याच्या उंबरठ्यावर येतील. त्यासाठी नवे संशोधन नको. हवामान खात्याच्या आणि कृषी महाविद्यालयाच्या नोंदी पुरेशा आहेत. अडचण आहे ती दुसरीच. उद्दिष्टांचा हिशेब मार्चअखेरीला होतो. तेव्हा खानदेशात ऊन तापू लागलेले असते, नव्याने भरलेला खड्डा पंधरा-वीस दिवसांत गॅस देऊ लागतो आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला निळी ज्योत दिसते. त्या संयंत्राची खरी परीक्षा डिसेंबरात असते, आणि ती घ्यायला तेव्हा कोणी येत नाही.